रत्नाताई इंगोले यांची बातमी

मागच्या हिवाळ्यात रत्नाताई गेल्या. त्या दिवशी आमच्या संध्याकाळच्या बातमीपत्रात सोयाबीनचे भाव होते, एका पुलाचं भूमिपूजन होतं, पाणीपुरवठ्याची तक्रार होती. रत्नाताई नव्हत्या. मी सुधीरभाऊंना, म्हणजे आमच्या चॅनेलच्या मालकांना, जाऊन विचारलं, तेव्हा मोबाइलमधून मान वर न करता ते म्हणाले, "खाली पट्टीत घे ना."

मग ती पट्टी मीच टाइप केली. ‘ज्येष्ठ व्हिडिओग्राफर रत्नमाला इंगोले यांचे निधन.’ अर्ध्या तासात ती तीन वेळा सरकली, लग्नाच्या हॉलच्या आणि बियाण्यांच्या जाहिरातींच्या मधून. याच चॅनेलची पहिली बातमी त्यांनी स्वतः शूट केली होती, स्वतः कापली होती आणि वाचायला कोणी मिळालं नाही म्हणून स्वतःच वाचली होती.

त्यांचं सगळं आयुष्य मला माहीत नाही. माहेर आसेगावचं, वडील तिथल्या शाळेत शिपाई. लग्न होऊन मंगरूळपीरला आल्या, नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. तिशीच्या आतच नवरा गेला. मूल नव्हतं. विहारात वंदनेला जात, पण देवाधर्मावर कधी बोलल्या नाहीत. वाशिमला भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. एवढंच. बाकी मी सांगणार ते माझ्या डोळ्यांसमोर झालेलं, किंवा त्यांनी प्रवासात कधीमधी सांगितलेलं.

प्रवासातच त्या बोलायच्या. बसच्या खिडकीबाहेर बघत, आपण ऐकतोय की नाही याची पर्वा न करता. नवऱ्याच्या पश्चात कॅमेरा हातात कसा आला ते त्यांनी मला असंच वाशिमजवळच्या मालेगावहून परतताना सांगितलं होतं. नवरा गेला तेव्हा एका लग्नाचं काम आधीच ठरलेलं होतं. मुलीचे वडील दारात येऊन घुटमळले, आता दुसरा कोणी बघतो म्हणाले. रत्नाताई म्हणाल्या, "दुसरा काहून? मी येतो ना." अल्बम चिकटवता चिकटवता आणि नवऱ्याच्या मागे लाइट धरून उभं राहता राहता त्या सगळं शिकल्या होत्या, फक्त कोणी त्यांच्याकडे काम मागितलं नव्हतं.

हळदीच्या दिवशी मुलीच्या आत्याबाईंनी त्यांना मांडवाच्या तोंडाशी अडवलं. कॅमेरावाला कुठंय म्हणून विचारलं. मीच, असं ऐकल्यावर बायकांत कुजबुज सुरू झाली. नवरा जाऊन सहा महिने झालेली बाई हळदीत.

"मी त्याहिले म्हनलं," रत्नाताई सांगत होत्या, "बाई, मी मांडवात येत नाही. तुमच्या कॅसेटीत मी कुठीच दिसनार नाही. पाहून घेजा."

आणि दोन दिवस त्यांनी मांडवाच्या बाहेरच्या खांबाला टेकून शूटिंग केलं. पंधरवड्यानं त्या कॅसेट घेऊन गेल्या, तेव्हा घर सुतकात होतं. त्याच आत्याबाईंची आई लग्नानंतर आठवड्यानं गेली होती. कॅसेट लावली. नवरानवरी, अक्षता, पंगती सगळं होतं, आणि मधेच एका कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली ती म्हातारी होती, कशाला तरी एकटीच हसत असलेली. दुसऱ्या कोणी तिच्याकडे कॅमेरा वळवलाच नसता. आत्याबाई उठल्या आणि आत निघून गेल्या. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाचं लग्न निघालं, तेव्हा पहिला निरोप रत्नाताईंना आला.

"तवा मी मांडवात गेली," त्या म्हणाल्या. "कोनी काही म्हनलं नाही. पन मले थो बाहेरचा खांबच बरा वाटे. तठून सारे दिसतात."

लग्नांमधून त्या केबलच्या बातम्यांकडे आल्या. वाशिमला सुधीरभाऊंचं केबलचं जाळं होतं आणि संध्याकाळचा अर्धा तास रिकामा होता. रत्नाताईंनी तो मागून घेतला. दोन वर्षांत आजूबाजूच्या तालुक्यांतले लोक तेवढ्या अर्ध्या तासासाठी टीव्ही लावायला लागले. पुढं ते सगळं यूट्यूबवरही गेलं. बातमी कोणती घ्यायची, कोणी जायचं, काय कापायचं, हे सगळं त्या ठरवायच्या. कार्यालयाच्या दारावर पाटी मात्र सुधीरभाऊंची होती. यूट्यूबचं खातंही त्यांच्याच मोबाइल नंबरवर उघडलेलं होतं. तेव्हा त्याचा कोणी विचार केला नव्हता.

मी तिथं गेले त्याला आता चौदा वर्षं होतील. मी कामरगावची. घरची भाजीपाल्याची शेती, बाप कारंज्याच्या बाजारात वांगी-मेथी घेऊन बसायचा. बी. ए. झाले होते, आवाज बरा होता, आणि वृत्तनिवेदिका पाहिजे अशी चिठ्ठी कॉलेजच्या फलकावर लागली होती. रत्नाताईंनी माझ्या हातात एक कागद दिला आणि वाच म्हणाल्या. मी आकाशवाणीच्या बाईंसारखा आवाज लावून वाचलं.

"कोनाले सांगून राह्यली तू हे?"

"प्रेक्षकांना."

"प्रेक्षक कोन? एकाचं नाव सांग."

मी हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"तुही माय टीव्ही पाह्यते? तिचं नाव काय?"

"गंगूबाई."

"मंग गंगूबाईले सांग. ऐकून नाही राह्यली असं वाटलं तर थांब, पुन्हा सांग."

मी परत वाचलं. त्या म्हणाल्या, उद्यापासून ये.

दिसायला त्या बारीक, काळ्यासावळ्या, उंच. अंगावर सुती साडी आणि साडीखाली कॅनव्हासचे पांढरे बूट, शाळेत मुलं घालतात तसले. त्या बुटांवरून लोक हसायचे. "चपलीत पळता येत नाही," एवढंच त्या म्हणायच्या. पर्समध्ये नवऱ्याच्या जुन्या बनियनचा धुतलेला तुकडा असायचा, लेन्स पुसायला. त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला चालत नसे. आम्ही कोणी वायर कोपराला गुंडाळायला लागलो की म्हणायच्या, "विहिरीचा दोर हाये काय थो?" मॅडम म्हटलेलं आवडायचं नाही. गावात पोचल्यावर कॅमेरा पिशवीतच ठेवून आधी एक चक्कर मारायच्या, हातपंपापाशी थांबायच्या, कोणाच्या तरी ओट्यावर बसायच्या. बोलणाऱ्या माणसाचं नाव आधी विचारायच्या आणि बॉलपेननं आपल्या डाव्या तळहातावर लिहायच्या. मोठी घटना असली की संध्याकाळपर्यंत तो हात निळा होऊन जायचा. कागद उडतो, हात कुठं जाणार, असा त्यांचा हिशेब.

ज्याच्या घरी मयत झालंय त्याला ‘तुम्हाला काय वाटतंय’ असं विचारायला आम्हाला बंदी होती. रडणाऱ्या माणसाच्या चित्राखाली संगीत टाकायलाही. एकदा मी बासरीचा एक तुकडा टाकला होता. त्यांनी पूर्ण पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ते बाई रडून राह्यली. तिले साथ पायजे होती काय?" मी बासरी काढून टाकली. आजही आमच्या चॅनेलवर रोज कोणाच्या ना कोणाच्या रडण्याखाली बासरी वाजते, आणि ती टाकायला परवानगी मी देते.

त्यांच्या हाताखाली आम्ही चार मुली शिकलो. त्यात शबाना होती, मंगरूळपीरची, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिचे अब्बा शिवणकाम करायचे. मुलीनं कॅमेरावाल्यांबरोबर गावोगाव हिंडणं त्यांना मान्य नव्हतं आणि त्यांनी तिला घरी बसवलं. आठ दिवसांनी रत्नाताई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. तासभर बसल्या. चहा झाला, शिलाईच्या मशीनबद्दल बोलणं झालं, कोणत्या कापडाला कोणती सुई लागते यावर बोलणं झालं. शबानाचा विषयच निघेना. शेवटी अब्बाच म्हणाले, "बाई, आप बेटी के लिए आए होंगे."

"हाव," रत्नाताई म्हणाल्या. "तुमी मशीन चालवता तवा आवाजावरून समजते ना, सुई बिघडली म्हनून? तुमच्या पोरीचा कान तसा हाये. आमाले नुसतं दिसते. तिले ऐकू येते. हे तिनं तुमच्यापासूनच घेतलं असंन."

दुसऱ्या दिवशी शबाना कामावर आली, आणि पहिले दोन महिने अब्बा स्वतः तिला सायकलवर बसस्टँडपर्यंत आणून सोडत. ती आता पुण्यात ध्वनिमुद्रण करते, सिनेमांचं. रत्नाताईंच्या मातीला ती पोचली होती. मी नव्हते पोचले; मी पट्टी टाइप करत होते.

एकदा त्यांना नागपूरला कार्यशाळेला बोलावलं होतं, माध्यमांतल्या महिला नेतृत्वावर. मोठं हॉटेल होतं, गळ्यात घालायला नावाच्या चिठ्ठ्या होत्या. मी सोबत गेले होते. व्यासपीठावर एका बाईंनी विचारलं, तुमच्या प्रवासाबद्दल सांगा. रत्नाताई म्हणाल्या, "वाशिम ते मंगरूळपीर, एसटीनं. कधी जीप." लोक हसले. त्यांना विनोद करायचा नव्हता. प्रश्नच तसा कळला होता. मग विचारलं, या क्षेत्रात बाईला पुढे येण्यासाठी काय हवं? त्यांनी थोडा विचार केला.

"संडास," त्या म्हणाल्या. "साफ, कडी लागनारा. मी सकाळी निघतो थे संध्याकाळी घरी येतो. मधात पानी पेत नाही. पेलं तर जाव कुठं? मायासंगच्या पोरीहीले बी तेच शिकवलं मी. हे शिकवाले नोको होतं."

त्यानंतर सभागृहात कोणी हसलं नाही. पुढच्या वक्त्या आल्या आणि आत्मविश्वासावर बोलल्या.

ते खरंच होतं. आम्ही चौघी सकाळी निघताना अर्धा कप चहा घ्यायचो आणि बस. रत्नाताईंना तेव्हाच पोटात कळा यायच्या, लघवीची जळजळ व्हायची. मेडिकलमधून गोळ्या आणून त्या कामाला लागायच्या. पुढं त्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेली, तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, एकच कारण सांगता येत नाही, पण बऱ्याच वर्षांचं आहे हे.

आता वसतिगृहाचं सांगायला पाहिजे. त्याला आठ वर्षं झाली.

आसेगावकडच्या एका खेड्यातून फोन आला. एका खाजगी संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात सहावीतली मुलगी तापानं गेली होती. रत्नाताई मला घेऊन निघाल्या. मुलीची आई, कौसल्याबाई, मजुरीला जाणारी बाई. घरात माणसं भरलेली होती. रत्नाताई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "लेकराचं नाव काय माय?"

"करुना."

त्यांनी तळहातावर लिहिलं. मी शेजारीच बसले होते. करुणा.

कौसल्याबाई आपणहूनच बोलायला लागल्या. "चार दिस माही पोरगी तापानं फनफनली. मले कोनी फोन नाही केला. तिच्या वहीवर माहा नंबर लिहेल होता. पयल्या पानावर. मीच लिहून घेतला होता मास्तरकून. एक फोन केला असता तर मी पायी गेली असती."

तिथून आम्ही वसतिगृहात गेलो. अधीक्षक तरुणच होता, घाबरलेला. माइक मी धरला होता, कॅमेरा रत्नाताईंकडे. त्यांनी एकच विचारलं, "घरी काहून नाही कळवलं?" तो म्हणाला, "ताप साधा वाटला. चौथ्या दिवशी कळवायचं होतं, राहून गेलं." हे त्याचे शब्द. मला ते तसेच्या तसे आठवतात, कारण बोलताना तो रत्नाताईंकडे न बघता माझ्या हातातल्या माइककडे बघत होता.

त्या संस्थेचे अध्यक्ष सुधीरभाऊंचे जुने स्नेही. आम्ही परत येईपर्यंत फोन आलेला होता. सुधीरभाऊ एडिटिंगच्या खोलीत आले. "ताई, ही बातमी दोन दिवस थांबवा. चौकशी होऊ द्या."

"भाऊ, बातमी होऊन गेली," रत्नाताई म्हणाल्या. "आपल्याले फक्त सांगाची हाये."

सात वाजता ती लागली. कौसल्याबाई, आणि त्यानंतर अधीक्षक. मधे एक शब्दही नाही, संगीत नाही. दुसऱ्या दिवशी लोक वसतिगृहावर गेले, पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागला.

आणि त्याच दिवशी सकाळी दहा वाजता रत्नाताई कार्यालयात आल्या तेव्हा त्यांच्या वस्तू एका खोक्यात भरून दारापाशी ठेवलेल्या होत्या. यूट्यूबचा पासवर्ड बदललेला होता. सुधीरभाऊ नव्हते, फोन उचलत नव्हते. रत्नाताईंनी खोकं उघडून पाहिलं, बनियनचा तुकडा आहे ना याची खात्री केली, खोकं काखेत घेतलं आणि जिना उतरून गेल्या. आम्ही आतच होतो. शबाना चप्पल घालून त्यांच्या मागे गेली. मी खुर्चीतून उठले होते, एवढं मला आठवतं. पुढं गेले नाही.

दुपारी सुधीरभाऊ आले आणि म्हणाले, "वर्षा, आजपासून तू बघ सगळं. बाईच्या जागी बाईच ठेवतोय मी. लोकांना बोलायला जागा नको." संपादक म्हणून दारावर नाव लावू म्हणाले. मग जाता जाता म्हणाले, "आणि ते कालचं मूळ शूटिंग कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते तुलाच माहीत. काढून टाक."

वडिलांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. माझं लग्न ठरत होतं. ही कारणं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितली आहेत, म्हणून इथंही आली. फोल्डर मी उघडला. कॉम्प्युटरनं विचारलं, कायमचं पुसायचं का? मी ‘होय’ दाबलं. यूट्यूबवरची बातमी सुधीरभाऊंनी स्वतःच काढली. पुढच्या महिनाभरात तिथल्या रत्नाताईंच्या इतर बातम्याही एकेक करून गेल्या. दहा-बारा वर्षांत त्यांनी टिपलेली माणसं होती ती.

तिसऱ्या दिवशी मी दिलगिरी वाचली. वसतिगृहाबाबत प्रसारित झालेली माहिती अपुरी होती, संबंधितांच्या भावना दुखावल्या असल्यास चॅनेल दिलगीर आहे, वगैरे. वाचून झालं आणि थोड्या वेळानं रत्नाताईंचा फोन आला.

"वाचलं चांगलं," त्या म्हणाल्या. "आवाज हालला नाही तुहा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पोरीचं नाव करुना होतं. तू अरुना म्हनली."

मी कागद पाहिला. सुधीरभाऊंच्या हस्ताक्षरात अरुणा लिहिलेलं होतं आणि मी तसंच वाचलं होतं. तिच्या आईच्या शेजारी बसून मी ते नाव ऐकलं होतं. रत्नाताई त्या दिवशी मला शिव्या देत्या तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी ‘ठेवतो’ म्हटलं आणि फोन ठेवला.

नंतर त्यांनी मोबाइलवर स्वतःचं चॅनेल काढून पाहिलं. पाच-सहा महिने चाललं. सरकारी कार्यक्रमांची निमंत्रणं येईनाशी झाली, ओळखीचे लोक बोलायला कचरायला लागले, आणि तोवर पाय सुजायला सुरुवात झाली होती. वाशिमच्या खोल्या सोडून त्या मालेगावला राहायला गेल्या. बसस्टँडजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात त्यांना कोपरा मिळाला. तिथं त्या पासपोर्ट साइजचे फोटो काढायच्या, निराधार योजनेचे, शाळेचे, नोकरीचे. एका दुपारी मी गेले. एका म्हातारीचा पदर नीट करत होत्या. फोटो काढून झाल्यावर मला स्टुलावर बसवलं आणि चहा सांगितला.

खटला उभा राहिला होता. अधीक्षक आता कबूल करत नव्हता. आपण असं काही बोललोच नाही म्हणत होता.

"थ्या दिवशीचं शूटिंग हाये काय कुठी?" रत्नाताईंनी विचारलं.

"नाही."

"कोनं पुसलं?"

"मी."

त्यांनी मान हलवली, जणू भाजीचा भाव ऐकला. चहा आला. निम्मा पिऊन त्यांनी कप खाली ठेवला.

"खरं सांगतलं, बरं केलं. आता हेच कोर्टात सांगशीन? शूटिंग होतं, माइक तुह्या हाती होता, थो काय बोलला थे तू ऐकलं, अन् मंग पुसाले लावलं. एवढंच. जास्ती काही नोको."

"विचार करते, ताई."

"कर," त्या म्हणाल्या. पुन्हा कधीही त्यांनी तो विषय काढला नाही.

मी विचार केला. लग्न झालं, मुलगी झाली, विचार करतच होते. मधे एका महिला दिनाला माझा सत्कार झाला, कर्तबगार महिला पत्रकार म्हणून. भाषणाच्या कागदावर रत्नाताईंचं नाव मी दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं. समोर पहिल्या रांगेत सुधीरभाऊ बसले होते. मी तिसऱ्या ओळीपासून वाचलं. टाळ्या पडल्या.

रत्नाताई मात्र तारखांना जात राहिल्या. प्रत्येक तारखेला मालेगावहून सकाळची बस धरायची, वाशिमच्या कोर्टात कौसल्याबाईंच्या शेजारी बसायचं, पुढची तारीख घेऊन परत. त्यांची साक्ष झाली त्या दिवशीचं मला कोर्टातल्या एका ओळखीच्या कारकुनानं सांगितलं. समोरच्या वकिलानं विचारलं, तुमचं ते शूटिंग कुठं आहे? पुसलं, असं त्या म्हणाल्या. कोणी पुसलं?

"ऑफिसातून पुसलं गेलं. हात कोनाचा होता थे मी पाह्यलं नाही."

पाहिलं नव्हतं हे खरंच होतं. जे पाहिलं नाही ते कधी सांगायचं नाही, हेही आम्हाला त्यांनीच शिकवलेलं. पण त्यांना माहीत होतं. माझं नाव घेतलं असतं तर कोर्टानं मला बोलावलं असतं आणि मला ‘विचार करते’ म्हणता आलं नसतं. ते त्यांनी माझ्यावर सोडलं. वकील म्हणाला म्हणे, मग तुमच्या तोंडी बोलण्याला काय अर्थ?

निकालाच्या दिवशी मी सुट्टी घेऊन गेले. कशाला गेले, सांगता येत नाही. चॅनेलला ती बातमी नको होती, कॅमेराही नव्हता. मी मागच्या बाकावर बसले. दहा मिनिटांत सगळं संपलं. अधीक्षक निर्दोष सुटला, पुरावा नव्हता. त्याचे नातेवाईक एकमेकांचे हात धरून बाहेर गेले. तोही आता थोराड दिसत होता, केस गेलेले.

बाहेर आवारात कौसल्याबाई उभ्या होत्या आणि त्यांना कळत नव्हतं. "मंग आता पुढची तारीख कोनती?" त्या विचारत होत्या. रत्नाताईंनी त्यांना सावलीत नेलं, खाली बसवलं, आणि पुढची तारीख नाही हे समजावून सांगितलं. दोन वेळा सांगावं लागलं. वरच्या कोर्टात जाता येईल, असं वकील म्हणत होते. कौसल्याबाई ऐकत नव्हत्या. त्या आपल्या हातातली पिशवी उघडत होत्या, बंद करत होत्या.

मी जवळ गेले. रत्नाताईंचा चेहरा सुजलेला होता, ओठ काळपट. डाव्या हाताला दंडापाशी बँडेज होतं. डायलिसिस सुरू झालं होतं तेव्हा. पायांत बूट मावत नव्हते म्हणून रबरी चपला होत्या. मी म्हटलं, "ताई, मी यायला पाहिजे होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग शोधला मी त्या नजरेत, नव्हता. दमलेल्या होत्या फक्त.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"साडेचार."

"तुह्या पोरीची शाळा सुटली असंन. जाय घरी. वाट पाहून राह्यली असंन थे."

कौसल्याबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला त्यांनी ओळखलं नाही. त्या म्हणाल्या, "किती वर्साची हाये पोरगी?"

"पाच."

"बरं," कौसल्याबाई म्हणाल्या.

मग रत्नाताईंनी त्यांना हाताला धरून उठवलं आणि दोघी स्टँडकडे निघाल्या. मी थोडं अंतर ठेवून मागे गेले. मंगरूळपीरची गाडी लागलेली होती, माणसं दारात दाटली होती. रत्नाताईंना मालेगावला जायचं होतं, त्यांची बस दुसरी, उलट्या दिशेची. पण कौसल्याबाईंना एकटं सोडायचं नव्हतं बहुतेक. त्या कौसल्याबाईंच्या आधी दारात शिरल्या, खांद्यानं जागा केली, त्यांना वर ओढून घेतलं. खिडकीतून मला दिसलं, एका कॉलेजच्या मुलाला त्यांनी काहीतरी सांगितलं, तो उठला, कौसल्याबाई बसल्या. रत्नाताईंनी त्यांची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः बँडेज असलेला हात छातीशी धरून, उजव्या हातानं वरची दांडी धरून उभ्या राहिल्या.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी वळून रस्त्याला लागली. गर्दीत त्यांचं डोकं थोडा वेळ दिसत होतं, मग मधे कोणीतरी आलं.